कसून घातलेली वेणी

आम्ही नोएडाला आलो तेव्हा आमच्या सेक्टरला नंबर होता, रस्ता नव्हता. नवऱ्याला नव्या कंपनीत चांगली जागा मिळाली म्हणून पुणं सोडलं, आणि मी दिवसभर शेजारच्या बांधकामाची धूळ पुसत बसले. शेजारणी विचारायच्या, "महाराष्ट्रियन होके क्रिश्चियन?" मी म्हणायची, हो, चार पिढ्या, आणि पुरणपोळीसुद्धा करते, हवी का? त्या हिवाळ्यात आमच्या चर्चमध्ये परदेशातून मिशनची एक टीम आली. गाझियाबादच्या एका अनाथाश्रमात त्यांना सेवा करायची होती आणि दुभाष्या हवा होता. पाळकसाहेबांनी माझं नाव सुचवलं. माझी हिंदी अशी, की भाजीवाला पोट धरून हसायचा. पण घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती, मी लगेच हो म्हटलं.

टीम प्रेमळ होती, खोटं कशाला बोलू. सगळ्यांचे सारखे निळे टी-शर्ट, सकाळी हात धरून प्रार्थना, आणि भिंतीवर वेळापत्रक: आज रंगकाम, उद्या दात, परवा केस. केसांसाठी त्यांच्यात एक पार्लरवाली बाई होती, पन्नाशीची, पिवळ्या केसांचा भला मोठा अंबाडा घालणारी. स्वतःची रजा टाकून, स्वतःच्या कात्र्या घेऊन ती एवढ्या लांब आली होती. मुलींच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, तेव्हा सरसकट सगळ्यांचे केस बारीक कापायचे असं टीमने ठरवलं. आश्रमाच्या वॉर्डनबाईंनाही ते पटलं, कारण एकेका खाटेवर दोन-दोन मुली झोपायच्या आणि एकीच्या उवा त्या सगळ्यांच्या.

अंगणात उन्हाला खुर्ची मांडली. मुली खिदळत बसल्या, खिदळत उठल्या. मग नऊ-दहा वर्षांची एक आली, खुर्चीपासून जरा लांबच थांबली आणि तिने आपली वेणी दोन्ही मुठींत घट्ट धरली. वेणी कसली, नुसतं सुंभ झालं होतं. केस विस्कटलेले, रिबिनीचा रंग कळेना. तिची आई तापाने गेली होती, आणि जायच्या आदल्या दिवशी तिनेच ही वेणी घातली होती. तेव्हापासून पोरीने कुणाला हात लावू दिला नव्हता. हे वॉर्डनबाईंनी मला सांगितलं, मी पार्लरवालीला सांगितलं, आणि तिने कात्री खाली ठेवली, तोंड फिरवलं आणि रडली.

रडून उवा जात असत्या तर काय हवं होतं. वॉर्डनबाई म्हणाल्या, "रविवार तक देखती हूँ, दीदी. नहीं तो काटना पड़ेगा." त्यांचंही काही चुकत नव्हतं. टीमचा प्रमुख म्हणाला, आपण यासाठी प्रार्थना करू. मी म्हटलं, जरूर करू, पण फणीसुद्धा लागेल.

माहेरून, नगरहून आणलेली लाकडी फणी माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी ती, खोबरेलाची बाटली आणि कापूर घेऊन गेले. दिल्लीच्या थंडीत खोबरेल दगड होतं, म्हणून बाटली उन्हात ठेवली आणि तेल पातळ झाल्यावर त्यात कापूर चुरला. पोरीला जवळ बोलावून सांगितलं, एक केससुद्धा कापणार नाही, फक्त वेणी सोडू दे. ती म्हणाली, "खोल दोगे तो मम्मी वाली चली जाएगी."

पोरीचं म्हणणं मी बाजूलाच बसलेल्या पार्लरवालीला इंग्रजीत सांगितलं. ती उठली, आपला अंबाडा सोडला आणि त्या पोरीकडे पाठ करून सरळ जमिनीवर बसली. मला म्हणाली, विचार तिला, आई कशी घालायची ते माझ्या केसांवर दाखवेल का.

मी पोरीला विचारलं. मग वेणीवरची एक मूठ सुटली, मग दुसरी. त्या पिवळ्या केसांचे तिने चार पेड केले. मला तिनापलीकडे कधी जमलेलं नव्हतं. ओठ आवळून, जोर लावून ती घालत गेली, मध्ये एकदा चुकली, सोडून परत घातली. पार्लरवालीचे डोळे ताणून बारीक झाले, पण तिने हूं की चूं केलं नाही. वेणी पुरी झाल्यावर पोरीने आपल्याच हातांकडे पाहिलं, आणि मग मुकाट्याने माझ्यापुढे येऊन बसली.

सोडताना ती रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात? तेल चोपडलं, एकेक बट फणीने विंचरली आणि मग परत वेणी घालायला घेतली. "ऐसे नहीं आंटी, कसके." रविवारपर्यंत रोज हेच चाललं. मी ढिली घालायची, ती सोडायला लावायची. मास्तरीणच बसली होती पुढ्यात. नोएडात आल्यापासून मला कुणी इतकं रागावलं नव्हतं, आणि बसने घरी जाताना मी देवाचे मनापासून आभार मानायची. त्यातले निम्मे त्या पार्लरवालीचे. ती जमिनीवर बसली नसती तर माझी फणी, माझा कापूर, सगळं पिशवीतच राहिलं असतं.

रविवारी वॉर्डनबाईंनी चष्मा लावून डोकं तपासलं आणि "ठीक है" एवढंच म्हणाल्या. मग मी वेणी घातली, चारही पेड, कुठेही न चुकता. पोरीने हात मागे नेऊन ती वरपासून खालपर्यंत चाचपली. म्हणाली, "अब तीन लोगों को आती है."

मी म्हटलं, "तीन कहाँ? वो गोरी आंटीने तो सीखी ही नहीं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की या बाईला एवढंही कळू नये. मग बोटांवर मला मोजून दाखवलं.

"मम्मी को, मुझे, आपको."