पुलावर उतरणारी काच

इथले अनुभव वाचून मी आजवर नुसती हसत आले. कमेंटमध्ये दोनदा टवाळीही केलीय. आता कुणी माझी केली तर तक्रार नाही...

इंदिरानगरला आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा. आई जाऊन आठ महिने झाले. आमच्या जुन्या गाडीतली पुढची डावी सीट तिची. दर रविवारी पंचवटीत मावशीकडे जाताना गोदावरीचा पूल आला, की ती काच खाली करून हात जोडायची. एसी चालू असो, धूळ असो — "बंद काचेतून नदीला नमस्कार करायचा नसतो!" आणि काच उतरताना अशी किंचाळायची, कुईईईक, की शेजारचा स्कूटरवाला दचकून बघायचा.

आई गेल्यावर त्या सीटवर बाबा बसायला लागले. पुलावर तेच बटण दाबायचे, आवाज झाला की डोळे मिटायचे. मला मात्र तो आवाज सहन होईना, रडू फुटायचं. शेवटी एका शनिवारी, बाबांना न विचारता, गाडी द्वारका चौकाजवळ अन्वरभाईंच्या गॅरेजला नेली.

अन्वरभाई मूळ मालेगावचे, कामाला एक नंबर. त्यांनी दाराचं पॅनल उघडून कडक झालेलं रबर बदललं.

"आवाज गेला समजा, ताई. पन मोटर पन खलास हे. पार्ट दोन दिवसात येईल. तोवर काच वर करून आतून लाकडाची पाचर मारतो, नायतर घसरंल. मोटरची वायर काढलीय, बटन दाबून काय फायदा नाय."

मी दाबून पाहिलं. काच हलली नाही.

रविवारी निघालो. बाबांना कसं सांगावं, या विचारातच पूल आला. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, मी नीट पाहिलंय... आणि कुईईईक! काच सरसर खाली गेली. नदीचा वारा आत आला. बाबांनी हात जोडले. पूल संपला, काच आपोआप वर.

"तुझ्याकडच्या बटणानं तू केलीस ना खाली? अगदी आईसारखी वेळ साधलीस."

"हो," मी म्हणाले.

सोमवारी अन्वरभाईंनी माझ्यासमोर पॅनल उघडलं. वायर तशीच लोंबत होती, पाचर घट्ट.

"भास झाला असंल, ताई."

"दोघांनाही?"

त्यांनी पॅनल परत लावून टाकलं.

पार्ट आलाय म्हणून त्यांचे दोन फोन येऊन गेले. मी सांगते, या आठवड्यात जमत नाही. दर रविवारी पुलावर काच उतरते, बाबा 'तू केलीस ना' विचारतात, मी हो म्हणते. याचा अर्थ काय, मला खरंच माहीत नाही.

गेल्या रविवारी बाबांनी विचारलं नाही. घरून निघतानाच ते पुढची डावी सीट मोकळी सोडून, मागचं दार उघडून मागे बसले होते.