मशीनला सुट्टी

आज खंडेनवमी. शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात शिलाई मशीनला तेल घातलं, झेंडूचा हार चढवला, आणि त्या दोन्हींचा मिळून वास आला तशी मी मनानं थेट मिशनच्या त्या जुन्या शिवणवर्गात जाऊन पोचले, जिथं मी शिकले.

सकाळी अक्षरं, दुपारी शिवण, सगळं फुकट. शिकवायला रूथबाई, पक्क्या ख्रिस्ती. वर्ग ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला मिशनचे साहेब नेमके खंडेनवमीलाच आले.

"जरा शिवून दाखवा," ते म्हणाले.

"आज कसं शिवायचं, पावणं? मशीनला सुट्टी हाय की!" आम्हा शिकणाऱ्यांत सगळ्यांत थोरल्या सखूमावशी गरजल्या. सगळ्या मशीन हळदकुंकू लावून, हार घालून बसल्या होत्या.

"बरं, वाचून दाखवा."

"पाट्या-पुस्तकं बी पुजलीत!"

रूथबाईंनी घाबरून हात जोडले, डोळे मिटले आणि त्या प्रार्थना पुटपुटू लागल्या. त्याही मशीनच्या पाया पडतायत असं समजून मावशींनी त्यांच्या कपाळाला कुंकू टेकवलं. मग साहेबांच्याही.

साहेब कपाळ न पुसता हसत गेले. वर्ग टिकला. बाई म्हणाल्या, प्रभूनं प्रार्थना ऐकली. मावशी म्हणाल्या, मशीन पावली.

मी अजून दोघींपैकी कुणालाच दुखवत नाही. हार घालते, आणि मग बाईंसारखे डोळे मिटून पुटपुटते.