ग्वोच्या खिशातला लाडू

माझ्या सासूबाई, जयमालाबाई, नाशिकला बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झाल्या आणि कतारमध्ये मेसईदला आमच्याकडे आल्या, पण हातातला खडू काही सुटला नाही. कंपनीच्या क्वार्टर्समधले चार चिनी फिटर दर शुक्रवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी त्यांच्याकडे शिकायला बसतात. त्यांतला ग्वो सगळ्यात हुशार आणि सगळ्यात भित्रा.

त्याला फोरमन व्हायचं होतं. त्यासाठी शिफ्टच्या आधी सगळ्यांसमोर सेफ्टीवर पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवावं लागतं. दोनदा उभा राहिला, दोनदा त त प प झालं. आता तिसरी संधी, आणि तीच शेवटची.

विषय मिळाला हार्ड हॅट, म्हणजे कामावर घालायचं हेल्मेट. ग्वो त्यातला 'हार्ड'च धरून बसला. त्याच्या भाषेत दगड टणक असेल तर वेगळा शब्द, गणित अवघड असेल तर वेगळा, काम कष्टाचं असेल तर आणखी वेगळा. इंग्रजीत सगळीकडे हेच एक. गड्याने वहीत एकोणीस अर्थ उतरवले आणि घोकून घोकून तोंड सुकवलं. आईंनी वही काढून घेतली आणि फ्रिजवर टाकली.

"जे हातात धरलंयस तेवढंच बोल," त्यांनी इंग्रजीत बजावलं, आणि रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला.

या लाडवांचं सांगायलाच हवं. आईंचा पाक नेहमी पुढे जातो. माझा नवरा अभिजित लहानपणापासून त्यांची पाठ वळली की लाडू खलबत्त्यात घालतो. मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात "छान झालेत" म्हणाले आणि कायमची अडकले. ग्वो दोन्ही हातांनी लाडू घ्यायचा आणि हळूच खिशात सोडायचा.

अभिजित त्याच प्लांटमध्ये आहे. ग्वोच्या भाषणाच्या दिवशी तो दारातूनच सांगत आला.

"ग्वो उभा राहिला नि गप्प! मला वाटलं, खलास. मग खिशात हात गेला. टेबलावर हॅट ठेवली आणि वरून लाडू सोडला. ठण्ण! म्हणतो, 'धिस लाडू, हार्ड. हॅट, मोर हार्ड. माय हेड, नॉट हार्ड.' सगळे हसले, तसा त्याला चेव चढला. 'टीचर मेक. सिक्स मंथ आय कीप. व्हेरी हार्ड टू टेल टीचर!' बारा मिनिटं बोलला, आई! फोरमन झाला!"

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"अभि, खरंच इतके कडक होतात?" आईंनी विचारलं.

अभिजितने माझ्याकडे पाहिलं, मी ओट्याकडे.

"खलबत्ता लागतो, आई."

पुढच्या शुक्रवारसाठी आईंनी मला शेजारी उभं करून पाक केला. ग्वो फोरमनची नवी पांढरी हॅट घालून आला. त्याने लाडू हातात घेतला आणि तो हातातच फुटला. बिचारा घाबरून आमच्याकडे बघायला लागला. मग टेबलावरचा चुरा चिमटीने गोळा करून खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत.

"टीचर, व्हेरी गुड," तो म्हणाला. "बट नाऊ, हार्ड टू कीप इन पॉकेट."

आई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. उठून त्यांनी फ्रिजवरची वही ग्वोच्या हातात दिली आणि आम्हा दोघांकडे वळल्या.

"बत्तीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "पण खरं बोलायला हा एकच शिकला."