दादाच्या चित्रपेटीतला बल्ब

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी काशीच्या चौकातल्या माझ्या विजेच्या दुकानात एका व्यापाऱ्याशी वायरच्या किमतीवरून हुज्जत घालत होतो. "थांब, हा सौदा होऊ दे," असं मी निरोप्यालाच म्हणालो... मणिकर्णिकेवरून परतून पाच आठवडे झाले. माझा राग अजून गेलेला नाही.

घरची पुरोहिती दादाने सांभाळली. मी ती सोडून नोकर म्हणून दुकानात लागलो आणि पुढे स्वतःचं दुकान काढलं. देशावरून आलेल्या ज्या म्हाताऱ्यांना देवळांच्या पायऱ्या चढवत नसत, त्यांच्यासाठी बालाजी घाटाजवळच्या घरी त्याने एक पेटी ठेवली होती. आत पंचवीस वॅटचा बल्ब, पुढे दुधी काच, त्यापुढे काचेवरचं देवाचं चित्र, भिंगातून बघायचं. महायुद्धात बल्ब मिळेनासे झाले आणि नेमका त्याचा उडाला. मी घासाघीस करून मिळवलेले शंभर वॅटचे दोन विलायती बल्ब त्याला नेऊन दिले, एक लावूनही दाखवला. एक आजी भिंगाला डोळा लावून, हात जोडून बसली होती. उष्णतेने बिंदुमाधवाच्या चित्राची काच तडकली.

"अरे, माणसं इथं दर्शन घेतात. दुकानदारी दुकानात कर," दादा सगळ्यांसमोर म्हणाला.

"मग बल्ब उडाला की माझ्या दारात येऊ नकोस!"

येईल, याची मला खात्री होती. असा बल्ब काही महिन्यांचा सोबती, आणि बाजारात दुसरा नव्हता. तीन वर्षं गेली. दादा आला नाही. चढ्या भावाने काळ्या बाजारातून घेत असणार, असं धरून मी तो अपमान गिळत राहिलो.

तेराव्यानंतर वहिनींनी पेटी उघडली. आत माझाच बल्ब. दुसरा देव्हाऱ्यात, त्याच वायरीवर एकापुढे एक जोडलेला. अशाने वीज दोघांत वाटली जाते. दोन्ही मंद जळतात, काच तापत नाही, बल्ब वर्षानुवर्षं टिकतात. मला, विजेचा धंदा करणाऱ्याला, हे सुचलं नव्हतं.

"भावोजी, ते म्हणायचे, बाळ्याचे बल्ब भारी निघाले, उडतच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "उडाला की जाईन म्हणायचे तुमच्याकडे. त्या निमित्ताने..."

हल्ली दुपारी मी पेटीशी बसतो. कुणी आजी हात जोडून बघत बसली की तिचं होईपर्यंत पुढच्या चित्राची काच सरकवत नाही. तेवढ्या वेळात दादाशी भांडतो. बल्ब उडायला कशाला हवा होता रे? दहा मिनिटांवर तर दुकान होतं... आणि दुकानापासून तुझं घरही तेवढंच.