एक मणी सोडून

"एक उचला, एक सोडा, फुडच्यातनं सुई काढा. घाई न्हाई करायची."

माधवनगरच्या आमच्या गल्लीत समोरच्या दारात बसून भाभी हे दिवसातून पन्नासदा म्हणत. ऐकणारा विद्यार्थी मी एकटाच. साठी उलटलेला, निवृत्त कंडक्टर.

अर्धांगाचा हलका झटका येऊन माझा उजवा हात लुळा पडला होता. बोटांना बारीक काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. भाभी नवरीच्या ब्लाउजला लावायच्या मण्यांच्या पट्ट्या विणत, म्हणून बायकोनं मला त्यांच्यापुढं नेऊन बसवलं. "बायकांचं काम हे," मी कुरकुरलो.

"हाताला कुटं कळतंय, बाई का बुवा?" भाभी म्हणाल्या.

पहिली ओळ सरळ ओवायची. मग प्रत्येक ओळीत नवा मणी घ्यायचा, खालचा एक सोडायचा आणि त्याच्या पुढच्यातून सुई न्यायची. भिंतीतल्या विटांसारखी वीण बसत जाते. माझी भिंत रोज कलायची. भाभी पट्टीवरून अंगठा फिरवत. "चौथ्या वळीत दोरा ढिला हाय. उसवा." तीन महिन्यांनी पट्टी सरळ निघाली. त्यांनी ती चाचपली आणि चहा ठेवायला उठल्या. शाबासकी तेवढीच.

तुम्ही पाहिलं असेल, मुरलेला कारागीर हातातल्या कामाकडे फारसं बघत नाही. भाभींचंही तसंच असेल, असं मला वाटलं होतं. पण एकदा लाल पट्टीत त्यांनी दोन ओळी हिरव्या घातल्या. मी काही न बोलता त्या उसवून पुन्हा विणल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा अंगठा तिथंच थांबला.

"ह्यो हात माजा न्हाई. तुमी उसवलं व्हय?"

"हो. दोन ओळी हिरव्या झाल्या होत्या," मी म्हणालो.

"दिसंना झालंय, भाऊ. लेकाला सांगू नका. पुण्याला न्हील त्यो मला."

मी शब्द दिला. रोज सकाळी त्यांचे मणी रंगाप्रमाणे वाट्यांत लावून देऊ लागलो. पुढच्याच महिन्यात त्या उंबऱ्याला अडखळून पडल्या, कपाळ फुटलं. त्या दिवशी मी त्यांच्या लेकाला फोन केला.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक डोळा गेला, दुसरा वाचेल. लेक न्यायला आला, तेव्हा रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, "शब्द दिला हुता तुमी." आणि तोंड फिरवलं.

गेल्या थंडीत त्या पुण्यातच वारल्या. खोली रिकामी करायला सून आली होती. मी धीर करून विचारलं, "माझ्यावरचा राग गेला होता का त्यांचा?"

"नाही, काका." ओढणीनं डोळे टिपत ती हसली. "शेवटपर्यंत विणत होत्या. कुणी आलं की पट्टी दाखवायच्या आणि सांगायच्या, माजा शेजारी लय चुगलखोर. म्हणून एक डोळा तरी ऱ्हायला."

घरमालकाला द्यायची किल्ली तिनं माझ्या हातात ठेवली. रिक्षा वळली तरी मी त्या बंद दारासमोर उभाच होतो.