लोकरीतली कुसळं आणि आकाशगंगेतलं बोरॉन

मी घर सोडलं ते सोनपेठजवळच्या एका परक्या वावरातून. त्या आठवड्यात आमची मेंढरं तिथं लेंडीखतासाठी बसली होती, आणि जिथं मेंढरं तिथं आबा आणि माय. मायनं माझ्या नव्या बॅगेवर हात फिरवला, म्हणाली, "लय गुळगुळीत हाय गं." आबा म्हणाले, "पोचलीस की फोन कर." बस्स, एवढंच. मी एसटीत बसले आणि परभणी येईस्तोवर ढसाढसा रडले. शेजारच्या बाईनं न विचारता दोन केळी हातात ठेवली.

आता मी जर्मनीत वैश्विक किरणांवर काम करते. गावाकडं कुणी विचारलं की "कॉम्प्युटरवर हाय" म्हणून सुटका करून घेते. आज मात्र सांगतेच, ऐका. मोठा तारा फुटला की त्या धक्क्यानं अणूंची केंद्रकं भन्नाट वेगानं सुटतात. पण सरळ जातील तर शपथ! आकाशगंगेतली चुंबकीय क्षेत्रं त्यांना इकडून तिकडं ढकलतात, लाखो वर्षं ती भटकत राहतात. वाटेत कार्बनचं केंद्रक वायूला धडकलं की फुटतं, आणि कधी त्याचं बोरॉन होतं. तारे स्वतः बोरॉन जवळपास बनवतच नाहीत. म्हणून आपल्यापर्यंत आलेल्या कणांत कार्बनच्या मानानं बोरॉन किती हे मोजलं, की ते किती मुलूख तुडवून आलेत ते कळतं.

पहिल्या वर्षी प्रोफेसरबाई हे समजावत होत्या तेव्हा मला हसूच फुटलं. अहो, हे तर आबांचं काम! चुकलेली मेंढी चार दिवसांनी सापडली की आबा आधी तिची लोकर चाचपायचे. "गोखरू न्हाई, नुसती कुसळं. नदीकडं गेलीच न्हाई ही, माळावरच हिंडली." मी हे टीमला सांगितलं. तेव्हापासून बोरॉनचा नवा आलेख आला की कुणीतरी विचारतंच, "आबा काय म्हणतात?"

सगळीच केंद्रकं इथं पोचत नाहीत. बहुतेक भटकत भटकत आकाशगंगेच्या काठाबाहेर निसटतात, ती परत येत नाहीत. जोर जास्त तितकी लवकर निसटतात. हे मी दहा वेळा लिहिलं असेल, पण यंदा हात अडला. मला इथली नोकरी परमनंट मिळाली होती, आणि आबांना सांगायची छाती होत नव्हती. तीन आठवडे फोनवर नुसती हवापाण्याची बडबड केली.

शेवटी एका रविवारी सांगून टाकलं. "आबा, मी आता हितंच ऱ्हाणार. घर सोडलं ते सोडलंच बघा." आणि रडू कोसळलं.

व्हिडिओ कॉलवर आबांनी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. "पाणी बरं हाय का तिकडं?"

"हाय."

"मालक तरास देत न्हाई?"

"बाई हायत, आबा. लय चांगल्या."

नव्या वावरात मेंढरं बसवण्याआधी ते हेच दोन प्रश्न विचारतात.

"मंग रडायलीस कशाला? आन् घर सोडलं, घर सोडलं काय लावलंय! गावी, चुडाव्याच्या घरी हाय कोण? दिवाळीपासून कुलूप हाय. आमी दोघं हितं बोरीच्या शिवारात."

मागून माय ओरडली, "उंदरं हायत की घरी!"

मी रडता रडता हसत सुटले. ज्या घरासाठी इतकी वर्षं जीव टाकत होते, तिथं वर्षातले आठ महिने उंदीर नांदतात! माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुमचं तुम्ही बघा. माझं घर म्हणजे रविवारचा तो फोन. आधी मी विचारते, आज मुक्काम कुठं? दर वेळी नवं शिवार. मग आबा मला विचारतात, आणि माझं उत्तर ऐकून हळहळतात, "अजून तिथंच? कंटाळा येत न्हाई का गं?"