आमेनवर सोडलेली विहीर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या चर्चच्या महिला मंडळाला पाण्यानं झपाटलं होतं. नगरच्या आम्ही दहा-बारा बायका, बहुतेक मास्तरणी नाहीतर नर्स, दर शनिवारी टेम्पोत घमेली टाकून पारनेरकडच्या एका गावी जायचो आणि पावसाचं पाणी अडवायला माळावर चर खणायचो. न्याय, सृष्टीची राखण असले मोठाले शब्द पाळकसाहेब रविवारच्या उपदेशात वापरत. आम्ही ते हातावरचे फोड चोळत ऐकायचो.

गावाबाहेरच्या वस्तीतली बौद्ध कुटुंबं आमच्या बरोबरीनं खणत. तिथली एक मावशी वस्तीतल्या बायकांची पुढारी. पाण्यासाठी त्यांना पार पलीकडच्या शिवारात जावं लागे, म्हणून ओढ्याला बांध घालायचा आणि बांधाखाली विहीर काढायची ठरली. विहिरीला जागा दिली गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं. सगळे त्यांना नाना म्हणत.

काम सुरू झालं त्या दिवशी प्रार्थना मी केली. आमच्यात प्रार्थना संपली की सगळे आमेन म्हणतात, आणि आमेन म्हणजे कबूल, तसंच होवो. मी डोळे मिटून खड्या आवाजात म्हटलं, “हे प्रभू, या विहिरीचं पाणी वस्तीला आणि गावाला सारखंच मिळू दे.” सगळ्यांत मोठ्ठं आमेन नानांचं! मला अगदी गहिवरून आलं. कागद करायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. बाप्तिस्मा असो की लग्न, रजिस्टरात सही घेतल्याशिवाय आम्ही कुणाला घरी सोडत नाही; विहीर मात्र आमेनवर सोडून मोकळ्या झालो.

विहिरीला पाणी चांगलं लागलं. पुढच्या उन्हाळ्यात नानांनी तिच्यावर मोटर बसवली. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन गेल्या तर नानांचा गडी म्हणाला, “हीर मालकाच्या वावरात हाय. चला, निघा.”

आम्ही तावातावानं नानांच्या घरी गेलो. त्यांनी बाजेवर सतरंजी टाकली, चहा सांगितला. मी कप हातातही घेतला नाही.

“नाना, तुम्ही आमेन म्हणालात की हो!”

“म्हनलो की. पर बाई, तुमी देवाला मागितलं. मला कुठं मागितलं?”

असा संताप आला म्हणता! पण खरं सांगायचं तर संतापापेक्षा लाज जास्त वाटली, कारण नाना खोटं बोलत नव्हते.

तिथून मी वस्तीवर गेले आणि मावशीला सगळं सांगितलं. ती शेण थापत होती. मान वर न करताच म्हणाली, “मला तवाच कळलं हुतं. तुमी डोळं मिटलं, तवा मी न्हाई मिटलं. नानांनीबी न्हाई मिटलं. पाईप कुठनं न्यायचा ते बघत हुते.”

“अगं, मग सांगायचं नाही का?”

“कुनाला सांगू? तुमी समद्याजनी डोळं मिटून बसलेल्या.”

माझे आजोबा अशाच एका वस्तीतून उठून नगरला आले होते. आमच्या घरात ती गोष्ट कुणी काढत नसे, मीही नाही.

पुढच्या शनिवारी वस्तीतल्या बायका माळाखाली बसून राहिल्या. कागद झाल्याशिवाय एक घमेलं उचलणार नाही म्हणाल्या. आमच्या मंडळातल्या थोरल्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आपण पाहुण्या. गावाशी वाकडं कशाला घ्यायचं? आपण आपले चर खणू.” मी म्हणाले, “खणा तुम्ही,” आणि घमेलं पालथं घालून मावशीशेजारी बसले. चरचरीत ऊन होतं. थोड्या वेळानं एक नर्स आली, मग दुसरी आली. शेवटी थोरल्या बाईही पुटपुटत आल्या आणि सावलीची जागा धरून बसल्या.

असे चार-पाच शनिवार गेले. वरचे चर झाले नाहीत तर गाळ येऊन बांध भरणार आणि विहिरीचंही काही खरं नाही, हे नानांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. अखेर ते ग्रामपंचायतीत आले. स्टँप पेपर झाला. मावशीनं तो दोनदा मोठ्यानं वाचायला लावला आणि मगच अंगठा उठवला. नानांनी सही केली.

तिथून सगळे विहिरीवर गेलो. मावशी म्हणाली, “ताई, करा आता तुमची प्रार्थना.”

सवयीनं माझे डोळे मिटले. मग मी ते उघडले आणि नानांकडे बघितलं.

“नाना, वस्तीला पाणी द्याल ना?”

“देतो,” नाना म्हणाले.

“आमेन,” मावशी म्हणाली आणि तिनं विहिरीत दोर सोडला.